पाळी येण्यापूर्वीच : प्रसूतीनंतरचे संततिनियमन

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. कामाच्या निमित्ताने देशाच्या निरनिराळ्या भागांतून लोक आले, त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. रुआबांधा ही त्या नगरातीलच एक वसाहत होय. तेथील एखाद्या मराठी घरातील सून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, गोंदियास किंवा नागपुरास गेली आहे, असे समजू. बारसे होते, सव्वा महिना सरतो, आणि तिसऱ्या महिन्यात बाळाला घेऊन ती दुर्ग स्थानकावर उतरते. घरी पाळणा बांधलेला असतो, दुपटी शिवलेली असतात. एक प्रश्न मात्र कोणीच विचारलेला नसतो : पुढचे मूल केव्हा, आणि तोपर्यंत उपाय कोणता? माहेरी तो निघत नाही, कारण पती तेथे नसतो. सासरी तो मागे पडतो, कारण ‘अजून पाळी कोठे आली आहे?’ असे सर्वांस वाटते.

हा समज घातक आहे. स्त्रीबीज आधी सुटते; त्याचा गर्भ न झाल्यास सुमारे दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणजे प्रसूतीनंतरच्या पहिल्या पाळीपूर्वीच गर्भधारणा होऊ शकते, आणि तसे झाल्यास ती पाळी येतच नाही. बाळाला अंगावर न पाजणाऱ्या स्त्रीच्या शरीरात चौथ्या आठवड्यातही स्त्रीबीज सुटू शकते. म्हणून अशा स्त्रीने तीन आठवडे उलटण्यापूर्वी उपाय ठरवावयास हवा.

अंगावर पाजण्याने संरक्षण मिळते, हा जुन्या बायकांचा अनुभव खोटा नव्हे. पण त्याला मर्यादा आहेत. बाळ चोखते तेव्हा त्याची संवेदना मेंदूपर्यंत पोहोचते आणि बीजकोशास चालना देणारे स्राव मंदावतात. चोखणे जितके वारंवार, तितका हा अटकाव बळकट. त्यासाठी तीन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात : बाळ सहा महिन्यांच्या आतील असावे, त्यास रात्रंदिवस केवळ आईचे दूध मिळत असावे, आणि आईस पाळी आलेली नसावी. तिन्ही अटी पाळल्या गेल्यास शंभरांपैकी सुमारे ९८ स्त्रियांना सहा महिने गर्भ राहत नाही. वरचे दूध सुरू झाले, किंवा बाळ रात्रभर झोपू लागून पाजण्यात मोठा खंड पडू लागला, की हा आधार सुटला असे समजावे व त्याच दिवशी दुसरा उपाय हाती घ्यावा.

हे उपाय कोणते, याचा विचार काळाच्या क्रमाने केल्यास सोपा जातो. तांबी वार पडल्यावर दहा मिनिटांच्या आत, अथवा प्रसूतीनंतर ४८ तासांपर्यंत बसविता येते. ही वेळ टळली तर सहा आठवडे थांबावे लागते. तांब्याच्या प्रकारानुसार ती पाच किंवा दहा वर्षे काम देते, दुधावर परिणाम करीत नाही, आणि काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. प्रसूतीच्या वेळी बसविलेली तांबी निसटण्याचा संभव काहीसा अधिक असतो. यासाठी सहा आठवड्यांनी तपासणी आवश्यक आहे. प्रसूतीच्या वेळी जंतुसंसर्ग वा अति रक्तस्राव झाला असल्यास ती त्या वेळी बसवीत नाहीत.

नेहमीच्या, दोन संप्रेरकांच्या गोळ्या बाळंतपणानंतर लगेच घेऊ नयेत. पहिल्या काही आठवड्यांत शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच वाढलेला असतो, व या गोळ्या त्यात भर घालतात; दूधही कमी होण्याची शक्यता असते. अंगावर पाजणाऱ्या मातेने त्या सहा महिनेपर्यंत टाळाव्यात. सरकारी योजनेत ‘अंतरा’ या नावाने मिळणारे इंजेक्शन अशा मातेस सहा आठवड्यांनंतर घेता येते. ते दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे असते. ते थांबविल्यावर गर्भ राहण्यास काही महिने उशीर लागतो, हे आधीच सांगितले जावे. ‘छाया’ या गोळीत संप्रेरक नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे एकदा घेतात. अंगावर पाजणाऱ्या मातेलाही ती चालते. निरोध केव्हाही चालतो. पुरुषनसबंदीही केव्हाही करता येते व ती स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी असते. मात्र तिचा परिणाम पूर्ण होण्यास तीन महिने लागतात, तोवर दुसरा उपाय चालू ठेवावा.

स्त्रीची नसबंदी प्रसूतीनंतर सात दिवसांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर करतात. हा उपाय कायमचा आहे. म्हणून त्याची संमती कळा चालू असताना घेतलेली नसावी. या बाबतीतील ढिलाई किती महाग पडते, हे छत्तीसगडने पाहिले आहे. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूर जिल्ह्यातील एका शिबिरात एका दिवसात ८३ स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाली. त्या व जिल्ह्यातील इतर शिबिरांतील मिळून दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या. त्यानंतर १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. तेथे दोष शस्त्रक्रियेच्या प्रकाराचा नव्हता. घाई, गर्दी आणि स्वच्छतेची उपेक्षा यांचा होता. निवड शांतपणे, वेळेआधी व समजून झाली म्हणजे घाईला वावच उरत नाही.

म्हणूनच निर्णयाची योग्य वेळ बाळंतपणानंतर नसून गरोदरपणातच असते. जिवंत प्रसूतीनंतर पुढील गर्भासाठी किमान दोन वर्षे थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. अंतर कमी राहिल्यास मातेस रक्तक्षय आणि बाळास अपुऱ्या दिवसांचा व कमी वजनाचा धोका वाढतो.

आता रुआबांध्याच्या त्या सुनेकडे वळू. माहेरी निघण्यापूर्वी, सातव्या महिन्याच्या तपासणीत, तिने व तिच्या पतीने भिलाईतील डॉक्टरांपुढे हा प्रश्न मांडला असता, तर तांबीची इच्छा तिच्या कार्डावर नोंदली गेली असती व गोंदियाच्या रुग्णालयास तसे आधीच सांगता आले असते. तांबी नको असल्यास सहाव्या आठवड्याची तपासणी माहेरीच उरकून ती दुसरा उपाय घेऊन परतली असती. आजही बिघडलेले नाही. बाळ तीन महिन्यांचे आहे आणि केवळ अंगावर पीत आहे. पाळी आलेली नाही. तिला अजून आधार आहे. पण तो आधार असतानाच, पाळीची वाट न पाहता, तिने आपल्या वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन यावे.