गरुड पाहायला जाताना

गेल्या जानेवारीत पुण्याहून आलेल्या बाबांना इलिनॉय नदीवरच्या स्टार्व्ह्ड रॉकला गरुड दाखवायला नेले. धरणाखालचे पाणी सहसा गोठत नाही, म्हणून मासे टिपायला गरुड तिथे जमतात. बाबांच्या पायांत मात्र सुती मोजे! घामाने भिजलेले सूत ऊब धरत नाही. तासाभरात पायांची बोटे पांढरी, बधिर. मी चोळायला निघालो, सौ.ने थांबवले. बधिर बोटे चोळू नयेत, हीटरलाही लावू नयेत. कोमट पाण्यात धरावीत. संवेदना न आल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे. सुदैवाने बाबांची बोटे पूर्ववत झाली.

आता आमच्या पिशवीत लोकरी मोज्यांचे जादा जोड, कानटोपी, हातमोजे, थर्मासमध्ये चहा आणि तिळाच्या वड्या असतात. महागड्या दुर्बिणीआधी मोजे घ्या!