डोंगराखालून की डोंगरावरून?

झुरिकहून मिलानला जायचं ठरलं, की गाडी शोधणं अगदी सोपं असतं. दोन शहरांची नावं आणि तारीख भरायची. थेट जाणारी युरोसिटी गाडी समोर येते, वेळ साधारण सव्वातीन तास. तिकीट काढून मंडळी मोकळी होतात. गाडी सुटते, झुगचं सरोवर मागे पडतं, डोंगर जवळ येऊ लागतात, मोबाइल सरसावले जातात आणि नेमका तेव्हाच अंधार होतो. तो सुमारे वीस मिनिटं सरत नाही. आल्प्स पाहायला निघालेल्या माणसाला ऐन आल्प्समध्ये खिडकीच्या काचेत स्वतःचाच चेहरा दिसत राहतो.

हा अंधार म्हणजे गोथार्डचा नवा पायथा-बोगदा. लांबी ५७ किलोमीटर, रेल्वेच्या बोगद्यांत जगात सर्वांत जास्त. १ जून २०१६ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून प्रवासी गाड्या त्यातून नियमित धावू लागल्या. डोक्यावर काही ठिकाणी २,३०० मीटर जाडीचा खडक, आत खडकाचं मूळ तापमान ४५ अंशांच्या आसपास. खोदकामातून निघालेल्या दगडमातीचं वजन भरलं २ कोटी ८० लाख टनांहून जास्त. त्यातला काही भराव उरी सरोवरात टाकून छोटी बेटं तयार केली. उन्हाळ्यात लोक तिथे पोहायला जातात.

एवढा खटाटोप पर्यटकांसाठी मात्र केलेला नव्हता. जर्मनीहून इटलीकडे जाणारी ट्रकची रीघ रस्त्यावरून उचलून रेल्वेवर आणायची, हा त्यामागचा हिशोब. जड मालगाडीला चढ सोसत नाही, म्हणून रूळ शक्य तितके सपाट हवेत. नव्या बोगद्यात रूळ समुद्रसपाटीपासून जास्तीत जास्त ५४९ मीटरवर जातात. जुन्या बोगद्यात ते १,१५० मीटरवर आहेत. १९९२ साली स्विस मतदारांनी सार्वमतात या प्रकल्पाला होकार दिला आणि मग काम उभं राहिलं.

पण जुना मार्ग कोणी उखडलेला नाही. तो वरती तसाच आहे आणि त्यावरून रोज गाड्या धावतात. म्हणून या प्रवासाच्या आखणीत खरा प्रश्न एकच: डोंगराखालून जायचं की डोंगरावरून? तिकिटाचा प्रकार, वेळ, मुक्काम, सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं.

जुन्या मार्गाची गोष्ट झुरिक स्थानकाच्या दारातच सुरू होते. समोरच्या चौकात आल्फ्रेड एशर यांचा पुतळा आहे. राजकारणी, बँकेचे संस्थापक आणि गोथार्ड रेल्वे कंपनीचे प्रमुख. खर्च अंदाजाबाहेर गेला आणि १८७८ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. बोगद्याचं कंत्राट जिनिव्हाच्या लुई फाव्र यांच्याकडे होतं. मुदत चुकली तर जबर दंड, अशा अटींवर त्यांनी ते घेतलं होतं. १८७९ च्या जुलैमध्ये बोगद्यातच पाहणी करत असताना ते कोसळले आणि गेले. पुढच्या वर्षी २९ फेब्रुवारीला दोन्ही बाजूंचे खणणारे एकमेकांना भिडले. पंधरा किलोमीटर खणून दोन टोकांत आडवा फरक पडला तो जेमतेम ३३ सेंटीमीटरचा. भोक पडल्यावर पलीकडून सर्वांत आधी एक पत्र्याचा डबा सरकवण्यात आला. त्यात फाव्र यांची तसबीर होती.

मजुरांच्या तसबिरी कोणी सरकवल्या नाहीत. ते बहुतेक इटलीचे होते. सुरुंग, कोसळणारे दगड आणि पाणी यांत सुमारे दोनशे जण दगावले. कोंदट उष्णतेत आणि घाणीत पसरलेल्या अंकुशकृमीने किती जणांना पुढे आयुष्यभर पोखरलं, ते वेगळंच. १८७५ मध्ये ग्योशनेन गावात मजुरांनी संप केला, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार होऊन चार जण मेले. बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी, ऐरोलो गावी, शिल्पकार व्हिंचेन्झो व्हेला यांचं या मजुरांचं शिल्प आहे. डोंगरावरून जाणारी गाडी तिथे थांबते.

ही गाडी म्हणजे ‘ट्रेनो गोत्तार्दो’. डिसेंबर २०२० पासून ज्युडओस्टबान ही कंपनी ती चालवते. डबे तांब्याच्या रंगाचे, खिडक्या मोठ्या. झुरिकहून किंवा बाझेलहून निघून ती लोकार्नोला जाते. आरक्षणाची सक्ती नाही, जादा आकार नाही; साधं तिकीट किंवा स्विस पास चालतो. खालच्या मार्गापेक्षा तासभर जास्त लागतो, आणि तो तासच वसूल करायचा असतो.

एर्स्टफेल्डपासून चढ लागतो. पूर्वी इथे जड गाड्यांना जादा इंजिन जोडत. कर्जतला गाडीला मागून बँकर लागताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही जागा ओळखीची वाटेल. पुढे वासेन गाव येतं. गावाच्या टेकाडावर पांढरं छोटं चर्च आहे. गाडीतून ते आधी मान वर करून पाहावं लागतं. मग गाडी डोंगराच्या पोटात गोल फिरून बाहेर येते, तर चर्च खिडकीच्या बरोबरीला. आणखी एक वळसा, आणि तेच चर्च आता खाली. थेट चढ इंजिनाला झेपणार नाही म्हणून अभियंत्यांनी रूळ डोंगराच्या आत वेटोळ्यासारखे फिरवून उंची कमावली आहे. गाडीत पहिल्यांदाच बसलेले लोक चर्च तीन आहेत की काय म्हणून शेजाऱ्याला विचारतात.

जागा निवडताना एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी. दक्षिणेकडे जाताना झुगचं सरोवर आणि नंतर ब्रुनेन ते फ्ल्युलेनपर्यंत उरीचं सरोवर उजव्या हाताला येतं. वासेनला मात्र बाजू धरून बसण्यात अर्थ नाही. गाडी इतकी वळते की दोन्हीकडे धावपळ होतेच. ज्यांना हौस आणि खिसा दोन्ही आहे, त्यांच्यासाठी हंगामात गोथार्ड पॅनोरमा एक्स्प्रेस असते: ल्युसर्नहून बोटीने फ्ल्युलेन, तिथून काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या गाडीने लुगानो. बोटीचा भाग सुंदरच, पण रेल्वेचे रूळ तेच. निव्वळ वासेन पाहायचं असेल तर साध्या गाडीत काहीही कमी पडत नाही.

मिलान गाठायचं तर ट्रेनो गोत्तार्दोमधून बेलिन्झोनाला उतरायचं. तिथले तीन किल्ले २००० सालापासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि त्यांतला कास्टेलग्रांदे गावाच्या मधोमध उभा असल्यामुळे दोन गाड्यांच्या मधल्या वेळात पाहून होतो. पुढे युरोसिटी किंवा लुगानो, कियासोमार्गे मिलानला जाणारी प्रादेशिक गाडी.

आता पैशांचं. स्विस हद्दीतलं तिकीट आणि सीमेपलीकडचं तिकीट, हे दोन वेगळे संसार आहेत. स्विस ट्रॅव्हल पास कियासोपर्यंतच चालतो, पुढच्या टप्प्याचं तिकीट वेगळं. सीमा ओलांडणाऱ्या युरोसिटीला आरक्षण लागतं, पास असला तरी. युरेल पास भारतातून घेता येतो, पण आरक्षणाचा आकार त्यातही वेगळाच पडतो. या एका प्रवासासाठी पास घेणं बहुधा परवडत नाही. आधी काढलेलं सवलतीचं तिकीट स्वस्त पडतं. ते त्याच गाडीला बांधलेलं असतं, हे मात्र विसरायचं नाही.

शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना पुरतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, तरी डिसेंबर २००८ पासून शेंगेनमध्ये आहे. तरीही कियासोच्या आसपास पोलीस डब्यात येऊन कागद पाहू शकतात. पासपोर्ट डोक्यावरच्या फळीवरच्या बॅगेत न ठेवता अंगाजवळ ठेवलेला बरा.

वरचा मार्ग निव्वळ हौसेचा नाही, हे २०२३ मध्ये दिसलं. १० ऑगस्टला नव्या बोगद्यात मालगाडीचं चाक तुटून डबे घसरले आणि कित्येक किलोमीटर रूळ खराब झाले. कोणी जखमी झालं नाही, पण बोगदा पूर्णपणे सुरू व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला. मधल्या काळात प्रवासी गाड्यांची मदार १८८२ च्या जुन्या मार्गावर होती. जुने रूळ काढून टाकावेत, त्यांच्या देखभालीचा खर्च कशाला, असं म्हणणाऱ्यांची त्या वर्षी पंचाईत झाली असणार.

मिलानला उतरायचं ते सेंट्राले स्थानकात. १९३१ मध्ये उघडलेली ही वास्तू इतकी अवाढव्य आहे की फलाटावरून रस्त्यावर यायलाच वेळ लागतो. झुरिकला फलाटावर कोणीही जावं. इथे फलाटाच्या तोंडाशी दारं आहेत आणि तिकीट दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. इटलीतले रेल्वे संपही आखणीत धरावे लागतात. ते आधी जाहीर होतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात ‘शोपेरो’ आहे का, ते बघून घ्यावं. आणि मिलानहून पुढे फ्लॉरेन्स किंवा व्हेनिसची गाडी वेगळ्या तिकिटावर असेल, तर मध्ये निदान तासभर मोकळा ठेवावा. पहिली गाडी उशिरा आली म्हणून दुसरीचं स्वस्त तिकीट कोणी बदलून देईलच, असं नाही.