मोकळी जागा कोणी केली?

लेकरांनो, बर्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एक तर फ्रिज येतो, नाही तर गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारा कोसळल्या तेव्हा तुमच्यातली काही जण जन्मलीही नव्हती. पण घरात ऐकून आहात: काढणीला आलेला गहू झोपला, फळबागांना पान उरलं नाही. आभाळातून पांढरं पडलं की नुकसान, हे आपल्या लासूर स्टेशनच्या माणसाचं गणित. काश्मीरमधल्या गुलमर्गच्या माणसाचं गणित नेमकं उलटं. तिथे जानेवारीत पांढरं पडलं नाही तर घराघरात काळजी. २०२४ चा जानेवारी असाच कोरडा गेला. ऐन हंगामात उतारांवर वाळलेलं गवत दिसत होतं, आणि हॉटेलवाले, घोडेवाले, स्की शिकवणारे सगळे आभाळाकडे डोळे लावून बसले होते. आपण जूनमध्ये बसतो तसे.

गंमत अशी, की या दोन्हींच्या मागे पुष्कळदा पाहुणा एकच असतो. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने वाऱ्यांच्या मोठाल्या लाटा पूर्वेकडे निघतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या हिमालयाला धडकतात आणि काश्मीरवर बर्फ टाकतात. त्यातली एखादी लाट दक्षिणेला जास्त झुकली, इकडून समुद्राची दमट हवा तिला मिळाली, की आपल्याकडे ढग उभे राहतात आणि गारा पडतात.

पण गार वेगळी आणि हिम वेगळं. मोठी गार मधोमध फोडून बघा, आत कांद्यासारखे पापुद्रे असतात, एक पांढरा, एक आरपार दिसणारा. ढगातला वारा तिला वर उचलत राहतो, पाण्याचे थेंब तिच्यावर आदळून गोठतात आणि थरावर थर चढतो. हिमाच्या कणाचा जन्म असा मारामारीत होत नाही. धुळीच्या एखाद्या बारीक कणाभोवती इवलासा बर्फ धरतो, आणि मग हवेतली वाफ पाणी न होताच त्याच्यावर जमत जाते. जमते तीही शिस्तीत, सहा कोनांत. जपानमधल्या होक्काइडोला उकिचिरो नाकाया नावाचे एक प्राध्यापक होते. प्रयोगशाळेत असा कण घडवायचा त्यांनी चंगच बांधला. कण धरायला आधार काय द्यावा? दोरा झाला, तारा झाल्या, जमेना. शेवटी सशाचा एक केस टांगला आणि १९३६ साली त्या केसावर माणसाने घडवलेला पहिला हिमकण उमलला. मग त्यांनी दाखवून दिलं की उणे १५ अंशांच्या आसपास चांदण्या तयार होतात, उणे पाचच्या आसपास सुया. म्हणजे खाली पडलेला कण बघून वरच्या ढगातली थंडी सांगता येते. मला तर हे ज्योतिषापेक्षा भारी वाटतं, कारण हे खरं निघतं.

आता तुमचा लाडका प्रश्न: आबा, तुम्ही स्कीच्या त्या फळ्या पायांना बांधून घसरत कसे होतात?

गुलमर्गला फौजेची एक शाळा आहे. १९४८ च्या डिसेंबरात जनरल थिमय्यांनी ती स्की शिकवण्यासाठी सुरू केली. पुढे तिचं नाव हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. तिथे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. उस्ताद पहिल्या दिवशी काय करायचे, तर स्की काढून ठेवायला सांगायचे आणि ताज्या बर्फात चाला म्हणायचे. दोन पावलांत माणूस मांडीपर्यंत आत. मग स्की बांधायच्या आणि तिथेच उभं राहायचं. तोच माणूस, तेवढंच वजन, पण आता जेमतेम वीतभर रुततो. वजन लांबरुंद फळीवर पसरलं ना. ताज्या भुसभुशीत हिमात दहातले नऊ हिस्से नुसती हवा असते, तिच्यावर टाच देऊन कोण उभं राहणार?

आणि घसरायचं कसं? पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं असतं की वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो. दाबाने वितळतो हे खरं, पण अगदी थोडा. कडाक्याच्या थंडीत स्की चालवायला तेवढा पुरत नाही. १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज या दोघांनी स्वित्झर्लंडच्या डोंगरावर जाऊन मोजमाप केलं, तेव्हा दिसलं की खरी करामत घर्षणाची. स्की बर्फावर घासते, त्या उबेने पाण्याचा पातळसा पापुद्रा सुटतो, आणि स्की त्याच्यावरून धावते. शिवाय बर्फाच्या सगळ्यात वरच्या थरातले रेणू तसेही पुरते बांधलेले नसतात. मायकेल फॅरेडेंनी हे १८५० मध्येच ओळखलं होतं.

माणूस हे फार जुन्या काळापासून करतो आहे. नॉर्वेत एका डोंगरावरचा जुना बर्फ वितळला आणि २०१४ मध्ये त्यातून लाकडाची एक स्की वर आली. तेराशे वर्षांपूर्वीची! जोडीतली दुसरी कुठे असेल? संशोधकांनी त्या जागेवर नजर ठेवली. २०२१ मध्ये, पहिलीपासून पाचेक मीटरवर, दुसरी सापडली. दोन्हींवर डागडुजीच्या खुणा होत्या. आपल्याकडे औताचा दांडा मोडला की फेकतात का? तसंच तेही.

बरं, गुलमर्गला आता दोन गर्दीच्या जागा आहेत. एक पायथ्याचं मैदान, जिथे नवशिके पडतात आणि त्यांचे फोटो निघतात. दुसरी गोंडोलाची रांग. हा पाळणा १९९८ मध्ये कोंगडूरीपर्यंत गेला आणि २००५ मध्ये थेट अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर. माझा जीव मात्र तिसऱ्याच जागेत. गुलमर्गच्या खाली बाबारेशीच्या दर्ग्याकडे आणि पुढे टंगमर्गकडे फर आणि कैलच्या झाडांचं जंगल उतरत जातं. तिथे पाळणा नाही, रांग नाही, बर्फ दाबून गुळगुळीत करणारं यंत्र नाही. झाडांमधून वाट काढत उतरायचं आणि खाली सडकेवर पोहोचलं की गाडीने परत वर यायचं. अशा झाडांमधल्या मोकळ्या उताराला स्कीवाले ग्लेड म्हणतात.

तिथली शांतता नुसती माणसं नाहीत म्हणून नसते हं. ताज्या हिमात ज्या हवेच्या पोकळ्या असतात त्यांत आवाज शिरतो आणि जिरतो, परत फिरत नाही. म्हणून बर्फ पडून गेल्यावर वीस पावलांवरच्या माणसाची हाकही मऊ होऊन येते. याचा धोकाही आहे, तो पुढे सांगतो.

शिवाय जंगलातला बर्फ टिकतो. उघड्या माळावर वारा त्याला झोडपतो, कणांच्या चांदण्या मोडतात, तुकडे एकमेकांत घट्ट बसतात आणि दोन दिवसांत वर कडक पापडी येते. झाडांच्या आडोशाला वारा मंद, ऊन कमी, म्हणून चार दिवसांनीही भुसभुशीतच. आणि धुकं दाटलं, वरून हिम पडायला लागलं, की उघड्या उतारावर आभाळ आणि जमीन एकाच रंगाची होते. पुढे चढ आहे का खड्डा, डोळ्यांना काही कळत नाही. चांगले स्कीपटू अशा दिवशी मुकाट्याने झाडांत शिरतात. काळे बुंधे दिसत असले की डोळ्यांना अंतर मोजता येतं.

झाडांत उतरण्याची एक युक्ती उस्तादांनी सांगितली होती: झाडाकडे बघशील तर झाडावरच जाशील. नजर जिथे, खांदा तिथे, आणि खांदा जिथे, स्की तिथे. म्हणून बघायचं ते दोन झाडांच्या मधल्या जागेकडे. स्की मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद असते. कडेवर कलती केली की ती वाकते आणि आपोआप वळते. जंगलात ही वळणं आखूड आणि पटापट घ्यावी लागतात, दम निघतो. हातातल्या काठ्यांचे पट्टेही मनगटात अडकवायचे नाहीत. काठी फांदीत गुंतली तर काठी जाऊ द्यावी, खांदा जाऊ देऊ नये.

पण उस्तादांचा खरा धडा दुसराच होता. जंगलात मोकळी जागा दिसली की आधी थांबायचं आणि विचारायचं: ही मोकळी कोणी केली?

कधी म्हातारं झाड उन्मळून पडलेलं असतं. ती मोकळीक लहान, वेडीवाकडी, तिच्यात पडलेल्या खोडाचा उंचवटा असतो. कधी गुज्जर-बकरवालांची उन्हाळ्यातली चराईची जागा असते, सपाटशी, जवळच त्यांच्या ढोकाचं, म्हणजे मातीच्या झोपडीचं, छप्पर बर्फातून डोकावतं. परदेशात काही ठिकाणी स्कीवाल्यांसाठी मुद्दाम झाडं विरळ करतात, खालच्या फांद्या छाटतात. आणि कधी कधी समोर येतो एक सरळसोट पट्टा, वरपासून खालपर्यंत स्वच्छ, एकही झाड मधे नाही. नवख्याला वाटतं, वा, देवानेच आपल्यासाठी रस्ता आखला! त्याच्याकडे पाठ फिरवायची. तो रस्ता हिमस्खलनाने केलेला असतो.

त्याच्या खुणा झाडांवर असतात. पट्ट्याच्या कडेच्या झाडांना डोंगराकडच्या बाजूला फांद्याच नसतात, वरून आलेल्या लोटाने ओरबाडून नेलेल्या असतात. पट्ट्यात काही उगवलं असेल तर ते कोवळं, लवचीक, सगळं एकाच वयाचं. म्हणजे मागचा लोट किती वर्षांपूर्वी आला तेही त्यांच्या वयावरून काढता येतं. बुंध्याजवळ वाकून मग सरळ वर गेलेली झाडं दिसली तर समजायचं की इथला बर्फ दर हिवाळ्यात हळूहळू खाली सरकतो आणि रोपं लहान असताना त्यांना दाबतो.

हिमाचे थर एकावर एक पडतात, पण सगळे सारखे घट्ट नसतात. निरभ्र थंड रात्री पृष्ठभागावर दवासारखे मोठे, ठिसूळ स्फटिक वाढतात. त्यांच्यावर नवा बर्फ पडला की वरून सगळं छान दिसतं आणि आत कच्चा थर दबून राहतो. त्यावर एखाद्याचं वजन पडलं की तो मोडतो, आणि मोडणं क्षणात दूरवर पसरतं. मग वरचा सगळा थर पाट सुटल्यासारखा निघतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार यासाठी सगळ्यात घातक, आणि स्कीवाल्यांना आवडतो तोही हाच. झाडं बर्फाला धरून ठेवतात, हे दाट जंगलात खरं आहे. पण एक हिशेब ध्यानात ठेवा: ज्या झाडांमधून स्की मजेत जाते, ती झाडं बर्फ रोखण्याइतकी दाट नसतात.

८ फेब्रुवारी २०१० ला गुलमर्गच्या त्या फौजी शाळेचे जवान खिलनमर्गजवळ प्रशिक्षणात होते. वरून लोट आला आणि १७ जण गेले. ती रोज बर्फात राहणारी माणसं होती. म्हणून कोणी मला म्हणालं ना, की आबा, निर्जन डोंगरावर काय मजा येत असेल, तर मी आधी विचारतो, बरोबर कोण आहे? एकट्याने झाडांत जायचं नाही, मग तो कितीही मोठा तज्ज्ञ असो. हे माझं ठाम मत आहे.

कारण लोट नसला तरी दुसरा एक सापळा असतोच. फरच्या झाडाचा आकार टोकदार, फांद्या खाली झुकलेल्या. बर्फाचं ओझं झालं की फांदी आणखी झुकते आणि ओझं बाहेरच्या बाजूला सांडून टाकते. झाडाला हे सोयीचं, फांदी मोडत नाही. पण त्यामुळे भोवती बर्फाची रास आणि बुंध्यालगत फांद्यांच्या छत्रीखाली पोकळ खड्डा. वरून काही दिसत नाही. स्कीपटू तोल जाऊन त्यात पडला तर बहुतेक वेळा डोकं खाली, पाय वर, आणि भोवतालचा भुसभुशीत बर्फ त्याच्यावर ढासळतो. ओरडला तरी, मघाशी सांगितलं ना, हिम आवाज गिळतं. म्हणून जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवा आणि गळ्यात शिट्टी हवी. पडायला लागलं तर बुंधा किंवा फांदी पकडायची आणि डोकं वर ठेवायचं. बाहेर यायची घाई नंतर, आधी तोंडापुढे श्वासापुरती जागा.

का रे, तोंडं का उतरली? जायचं आहे ना? मग जा की. गुलमर्गला केंद्र सरकारची स्की आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था आहे, हिवाळ्यात तिथे नवशिक्यांना शिकवतात. आधी मैदानावर पडायला शिका, झाडं कुठे पळून जात नाहीत. आम्ही इथून मनमाडला जायचो, झेलम एक्सप्रेसने जम्मू गाठायचो आणि पुढे ट्रकमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायचो. आता तर २०२५ च्या जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे जाते. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, थंडी सगळ्यात कडक असते. तुम्ही त्यानंतर, फेब्रुवारीत निघा. आणि हातमोज्यांचे दोन जोड घ्या. पहिला जोड पहिल्या तासातच ओला होतो, तो वाळेपर्यंत बोटांना काय सांगणार?