अडलेलें काम आणि चालढकल

सायंकाळीं रेखाचित्राचा फलक पुढें घेऊन बसावें, कागद नीट ताणून लावावा, पेन्सिलीस टोंक करावें, आणि रेघ न ओढतांच पुन्हां एकदां टोंक करावें, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस असेल. विजेची जोडणी असो, संगणकाचा प्रोग्रॅम असो कीं भूमितीची रचना असो, काम समोर असतें, वेळही असतो, परंतु हात पुढें सरत नाहीं. घरचीं वडील माणसें यास आळस म्हणतात. पण आळशी मनुष्य स्वस्थ झोंपतो. चालढकल करणारा मनांतल्या मनांत जळत असतो. हा भेद ओळखल्याशिवाय उपाय सांपडत नाहीं.

असें कां होतें? तांत्रिक कामांत पूर्ण झालेली वस्तु आधींच डोळ्यांपुढें उभी राहते, आणि तेथवर पोहोंचण्याच्या शंभर पायऱ्याही एकदम दिसतात. शिवाय येथें चूक लपत नाहीं. दिवा एक तर लागतो किंवा लागत नाहीं. आपली उणीव उघडी पडेल या भीतीनें मन काम पुढें ढकलतें. ढकलतांच क्षणभर हायसें वाटतें, आणि तेंच सुख उद्यां पुन्हां ढकलावयास शिकवितें.

यावर पहिला उपाय दादासाहेब फाळके यांच्या चरित्रांत आढळतो. १९११ सालीं मुंबईस ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून त्यांनीं स्वतः चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. १९१२ सालीं लंडनला जाऊन ते तें तंत्र पाहून आले. परंतु मोठा कथापट काढण्यास पैसा नव्हता, व लोकांचा भरंवसाही नव्हता. तेव्हां त्यांनीं कुंडींत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला, आणि अनेक दिवस एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर अंकुर फुटून वेल वाढतांना दिसली. तें पाहून कर्ज देणारे पुढें आले, आणि ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लोकांपुढें आला. आरंभ वाटाण्याएवढा होता. परंतु तो त्याच कामाचा आरंभ होता. पेन्सिलीस टोंक करणें ही तयारी झाली. एक रेघ ओढणें हें काम झालें.

दुसरी अडचण काम अर्ध्यावर आल्यावर येते. आपलें भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध. भांडें घडवितांना कारागीर पत्र्यावर ठोके घालतो, तसतसें पितळ कठीण होत जातें. तरीही ठोकत राहिल्यास त्यास चीर पडते. म्हणून तो पत्रा भट्टींत तापवितो. उष्णतेनें धातूची विस्कटलेली रचना नव्यानें बसते, पत्रा मऊ होतो, आणि मग पुन्हां ठोकणें सुरू होतें. कारागीर हट्टानें ठोकत नाहीं, आणि हातोडा टाकून घरींही जात नाहीं. अडलेल्या मनाचेंही असेंच आहे. प्रामाणिकपणें झटूनही वाट न सांपडल्यास थोडा विसांवा घ्यावा; मात्र परत बसण्याची वेळ आधींच ठरवावी.

हें आचरणांत आणण्याची रीत सोपी आहे. कामाचें नांव न लिहितां हातानें करावयाची पहिली क्रिया लिहावी; ‘पंप दुरुस्त करणें’ असें नव्हे, तर ‘झांकणाचे चार स्क्रू काढणें’ असें. पंधरा मिनिटें तेवढेंच करावें. दिवा लागत नसेल तर सर्व जोडणी एकदम उलगडूं नये. प्रथम दिवा, मग तार, मग विद्युत्घट असें एकेक तपासावें. उठतांना पुढची पायरी कागदावर लिहून ठेवावी. अडल्यास ‘मला कांहींच समजत नाहीं’ असें न म्हणतां नेमकें कोठें अडलें तें लिहून गुरुजींकडे जावें; पुष्कळदां लिहितांनाच गांठ सुटते.

खरी हानि एका अपुऱ्या चित्राची नाहीं. ‘हें माझ्या डोक्याचें काम नव्हे’ असा निकाल मुलगा स्वतःविरुद्ध देऊन बसतो, आणि ज्या विद्येंत त्याचा हात चालला असता ती त्यास कायमची परकी होते. आपला जिल्हा तलावांचा आहे; थेंबें थेंबें तळें सांचें, हें आपणांस निराळें सांगावयास नको. आज घरीं गेल्यावर तें अडलेलें काम उघडा, आणि त्यांतली एकच रेघ ओढा.