अन्ननलिकेच्या पुनरुद्भवी कर्करोगावरील अल्पछेदी शस्त्रक्रिया

अन्ननलिकेच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया न करता किरणोपचार व रसायनोपचार यांची संयुक्त योजना केल्यास काही रुग्ण दीर्घकाळ जगतात, हे आता सर्वमान्य आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात संयुक्त उपचार घेतलेल्यांपैकी २६ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी एकही नव्हता. तथापि या पद्धतीत अन्ननलिका जागीच राहते, व तेथे रोग पुन्हा उद्भवणे विरळा नाही. अशा वेळी ती काढून टाकण्याच्या क्रियेस ‘साल्व्हेज’ शस्त्रक्रिया म्हणतात. बुडत्या जहाजावरील माल वाचविण्याच्या उद्योगावरून हे नाव आले आहे.

या शस्त्रक्रियेतील खरी अडचण किरणोपचारित ऊतींची होय. किरणांमुळे तेथे तंतुमय व्रण निर्माण होतो, अवयवांमधील नैसर्गिक स्तर पुसले जातात व सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद होतात. परिणामी, जठर वर ओढून केलेला जोड नीट भरून येत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय पाहणीत जोडातून गळती होण्याचे प्रमाण साल्व्हेज रुग्णांत १७.२ टक्के, तर पूर्वनियोजित शस्त्रक्रियेत १०.७ टक्के आढळले. रुग्णालयीन मृत्यूंचे प्रमाण मात्र अनुक्रमे ८.४ व ९.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते.

मग फासळ्यांमधील लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या साहाय्याने ही क्रिया केल्यास काय साधते? २०१२ सालच्या ‘टाइम’ या तुलनात्मक प्रयोगात पहिल्या दोन आठवड्यांतील फुफ्फुससंसर्गाचे प्रमाण खुल्या पद्धतीत २९ टक्के, तर अल्पछेदी पद्धतीत ९ टक्के होते. परंतु ते रुग्ण पूर्वनियोजित शस्त्रक्रियेचे होते, हे विसरता कामा नये. लहान छेदाने छातीची भिंत वाचते. आतील चिकटलेले स्तर त्यामुळे सुटत नाहीत. दुर्बिणीतून दृश्य मोठे दिसते, पण व्रण कोठे संपतो व अर्बुद कोठे सुरू होते हे बोटांनी चाचपण्याची सोय उरत नाही. श्वासनलिकेच्या मागील भिंतीस इजा झाल्यास ती प्राणघातक ठरू शकते.

म्हणून रुग्णाची निवड हाच निर्णायक भाग होय. पेट स्कॅनने दूरचा प्रसार, व श्वासनलिकेच्या दुर्बीण-तपासणीने तेथील आक्रमण आधी पाहावयास हवे. अर्बुद श्वासनलिकेत वा महाधमनीत शिरले असल्यास कोणत्याही मार्गाने ते समूळ निघण्याची आशा फारशी नसते, आणि शेष राहिलेला रोग शस्त्रक्रियेचे सारे फळ हिरावून घेतो. अल्पछेदी क्रिया अर्धवट थांबवून छाती उघडावी लागली, तर ते शल्यचिकित्सकाचे अपयश नव्हे. ती त्याची सावधगिरी होय. छेद किती लहान हा प्रश्न दुय्यम. रोग निःशेष निघेल काय, हा प्रथम.