निर्भेळ दुधाचा हिशेब

ताटातली रसायनं : भाग ६

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांमध्ये दुधाची पारख करायची एक रीत अजून टिकून आहे. रात्री दूध तापवून निवत ठेवायचं आणि सकाळी सुरीच्या टोकाने साय उचलून पाहायची. जाड, सुरकुतलेली, अख्खी निघाली तर तबेलेवाला पास. पातळ निघाली, तर दारातच विचारणा : "काय हो, काल नळाला पाणी जास्त आलं होतं का?" पाणी, युरिया, स्टार्च, पिशवी फोडून पुन्हा डकवलेलं दूध... मुंबईकराची दुधाबद्दलची सगळी भीती भेसळीभोवती फिरते. ही गोष्ट मात्र अशा दुधाची आहे, ज्यात कोणी काहीच मिसळलेलं नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९३ साली एक अहवाल काढला. १२ राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे २२०५ नमुने तपासले होते. त्यांपैकी सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डीडीटी निघालं. ३७ टक्क्यांत ते किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर होतं. मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांच्या प्रमाणात पहिला नंबर कोणाचा? कीटकनाशकांचा विषय निघाला की आपण पंजाबकडे बोट दाखवतो; तिथे प्रमाण ५१ टक्के होतं. गुजरातेत ७०. महाराष्ट्रात ७४. तान्ह्या मुलांसाठी डब्यात मिळणाऱ्या पावडरीचे २० ब्रँडही तपासले गेले. त्यांच्या १८६ नमुन्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांत डीडीटी आणि ९४ टक्क्यांत एचसीएच, म्हणजे शेतकरी ज्याला बीएचसी पावडर म्हणतो ते, सापडलं.

म्हशीला हे पाजलं कोणी? कोणीच नाही. जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यात बांधलेल्या म्हशीच्या पायाखाली शेत नसतं. आरेतलं हिरवं गवत सोडलं तर तिच्या गव्हाणीत पडणारं जवळपास सगळं बाहेरून येतं : कडबा, भुसा, तुरीची चुणी, सरकीची पेंड. ही पेंड पाण्यात भिजवून, चुणी कालवून तिचं आंबोण होतं. ज्या कपाशीची ती सरकी, त्या कपाशीवर देशातल्या कीटकनाशकांचा मोठा वाटा वर्षानुवर्षं फवारला गेला. शिवाय हिवतापाच्या मोहिमेत घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींवर डीडीटी मारलं जाई आणि गोचिडांसाठी जनावराच्या अंगावरच पावडर चोळली जाई. जनावर स्वतःचं अंग चाटतं, भिंतही चाटतं. ती पावडर पोटात जायला आणखी कोणाची मदत लागत नाही.

यापुढचा भाग रसायनशास्त्राचा आहे, पण तो स्वयंपाकघरातही समजतो. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत झकास विरघळतं. त्यामुळे ते लघवीतून धुऊन जात नाही. मेदात जाऊन बसतं. शरीरात त्याचं डीडीई होतं आणि ते त्याहून चिवट. दुभत्या म्हशीच्या शरीरातून त्याला बाहेर पडायची मोठी वाट एकच, दुधातली स्निग्धता.

आता साय विरजून घरी तूप कढवणाऱ्या गृहिणीचा हिशेब मांडू. म्हशीच्या दुधात ६ टक्के फॅट धरलं, तर एक किलो तुपामागे साधारण सोळा-सतरा लिटर दुधाची चरबी लागते. दूध उकळून रसायन फारसं कमी होत नाही, ताक घुसळलं तरी ते लोण्याच्याच बाजूने जातं. म्हणजे दुधात किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम असलेलं, तुपात पोचेपर्यंत पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं. साय जितकी जाड, दूध जितकं अस्सल, तितकी ही वर्गणी जास्त. पाणी घालणाऱ्याने नकळत थोडे उपकारच केले म्हणायचे! (विनोद बाजूला, तो पाणी कुठलं घालतो ते पाहिलं की उपकार फिटतात.)

गंमत अशी, की यावरचा अर्धा उपाय मुंबईतच निघाला होता, तोही भलत्याच कारणासाठी. १९४९ साली सुरू झालेल्या आरे दूध वसाहतीमागचं डोकं म्हणजे दारा खुरोडी. शहरात दूध पुरेना, म्हणून त्यांनी १९४६ मध्ये म्हशीच्या दुधात पाणी आणि स्किम्ड पावडर घालून टोन्ड दूध काढलं. त्यात फॅट ३ टक्के, म्हणजे म्हशीच्या दुधाच्या निम्मं. डीडीटीचा हिशेबही आपोआप निम्म्यावर. त्या काळी असा हिशेब कोणाच्या डोक्यात नव्हता. उलट डीडीटीचा गुण ओळखल्याबद्दल पाउल म्युलर यांना १९४८ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं होतं.

खुराकातून विष शिरतं तेव्हा पहिली हाक जनावरच देतं. बेल्जियममध्ये १९९९ च्या जानेवारीत कोंबड्यांच्या खाद्यासाठी जमवलेल्या टाकाऊ चरबीत ट्रान्सफॉर्मरचं तेल मिसळलं गेलं. त्या तेलात पीसीबी होतं आणि डायॉक्सिनही. काही आठवड्यांतच अंडी कमी झाली, उबवलेल्या अंड्यांतून पिल्लं निघेनात. लोकांना मात्र हे मे महिन्याच्या अखेरीस कळलं. दुकानांतून अंडी, कोंबड्या, लोणी उचललं गेलं आणि १३ जूनच्या निवडणुकीत सरकार गेलं. आपल्याकडच्या म्हशीने अशी हाक दिली नाही. ती दूध देत राहिली.

माणसात डीडीटीचा परिणाम उशिरा दिसतो, हीच मोठी अडचण. कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ या काळात गरोदर स्त्रियांचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं होतं. त्यांच्या मुली पन्नाशीला आल्यावर संशोधकांनी ते बाहेर काढलं. ज्या आयांच्या रक्तात एका प्रकारचं डीडीटी सर्वांत जास्त होतं, त्यांच्या मुलींमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका सर्वांत कमी डीडीटी असलेल्या गटाच्या जवळपास चौपट आढळला. हे २०१५ साली छापून आलं आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डीडीटीला "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं. आईच्या दुधातही हे उतरतं. तरीही स्तनपान थांबवू नये, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्याचे फायदे कितीतरी मोठे आहेत.

शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये बंद झालं, बीएचसी १९९७ मध्ये. हिवतापासाठी मात्र डीडीटी चालू राहिलं आणि ते बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा एक कारखाना पनवेलपलीकडे रसायनीला होता. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातलं दूध आणि दुधाचे पदार्थ तपासून २००२ साली निष्कर्ष छापले, तेव्हाही दोन्ही रसायनांचे अंश सापडत होते. दरम्यान डीडीटीसारख्याच चरबीत साठणाऱ्या डायॉक्सिनची भर आहेच. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डम्पिंग पेटलं, तेव्हा तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला. जळत्या कचऱ्यातलं डायॉक्सिन श्वासातून थोडंच जातं. ते गवतावर, मातीवर बसतं. माणसाच्या शरीरात पोचणाऱ्या डायॉक्सिनपैकी ९० टक्क्यांहून अधिक अन्नातून येतं, मुख्यतः मांस, दूध आणि मासळीतून.

डेअरीतल्या संकलन केंद्रावर उभं राहिलं की दिसतं ते यंत्र मात्र फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) एवढंच सांगतं. डीडीटी मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो आणि एका नमुन्याचा खर्च एका कॅनमधल्या दुधाहून जास्त. दूधउत्पादकाला दर मिळतो तो फॅटच्या पॉइंटवर.

पुढच्या भागात चरबीऐवजी रक्तात आणि यकृतात ठाण मांडणारं रसायनांचं घराणं : पीफास. इटलीत विचेन्झाजवळचा, पीफास बनवणारा मितेनी कारखाना पाणी नासवून २०१८ साली दिवाळखोरीत गेला. त्याची यंत्रं बोटीत चढली आणि उतरली ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला, भांडुप-मुलुंडमधले कितीतरी चाकरमानी गणपतीला ज्या खेड-चिपळूणला जातात, त्यांच्या ऐन मधोमध.