ढोलीचा हिशेब

डिसेंबर १९११ मध्ये राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली, फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या दिल्लीचं उद्घाटन झालं. मधल्या वीस वर्षांत रस्त्याकडेला झाडंही लागली: आजच्या कर्तव्य पथावर जांभूळ, जनपथावर अर्जुन, अकबर रोडवर चिंच, लोदी रोडवर कडुनिंब. हेतू सावलीचा, धनेश कुणाच्या गावीही नसणार. तरी शतकभरानंतर राखी धनेश भर शहरात कर्कश ओरडत फिरतो, तो या झाडांच्या जिवावर. आणि माझ्या मते त्यांच्या फळांपेक्षा त्यांच्या म्हातारपणाने त्याला इथे धरून ठेवलंय.

खाण्यात हा पक्षी फारसे नखरे करत नाही. वड, पिंपळ, पिलखन यांची फळं मुख्य, जोडीला निंबोळ्या, किडे, सरडे, प्रसंगी इतरांची पिल्लंसुद्धा. अडतं ते विणीला. उन्हाळ्यात मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा व मातीने तोंड लिंपून घेते. उरते चोचीपुरती फट. नर पिंपळाची फळं गळ्यात भरून आणतो, एकेक वर काढतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. आत तिची उडण्याची पिसं झडलेली असतात, म्हणजे सगळी भिस्त नरावर. ही ढोली त्याला स्वतःला कोरता येत नाही. फांदी मोडावी, जखमेत पाणी मुरावं, खोड आतून कुजावं, यात दशकं जातात.

कुणी म्हणेल, धनेश तर सर्रास दिसतात! दिसतात, पण उडणारा पक्षी मोजला म्हणजे घरटं मोजलं असं होत नाही. दिल्लीच्या रिज टेकड्यांवरचं जंगल आहेच की, हाही आक्षेप फोल आहे. तिथे विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, माजली आहे, आणि तिच्याकडे धनेशाजोगं फळही नाही, ढोलीजोगं खोडही नाही. २०१८ मध्ये सरोजिनी नगर, नेताजी नगर भागातल्या पुनर्विकासासाठी १४ हजारांवर झाडं तोडायची ठरली, तेव्हा एकास दहा रोपांचं आश्वासन पुढे आलं. लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तोड थांबली. पण दहा रोपांत ढोली एकही नसते. पोकळ झाड वादळात कोसळतं, ही तक्रार मात्र रास्त आहे. मे महिन्यातल्या आंधीत गाड्या चिरडतात. तरीही झाडं पडण्यात बुंध्याशी ओतलेल्या काँक्रीटचाही हात असतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच ते एक मीटरपर्यंत काढायला सांगितलं होतं. आधी ते फोडावं, धोक्याची फांदी उतरवावी आणि खोड राहू द्यावं.